रवा कोणत्या रकान्यात?

बालवाडीतल्या मुलांना स्थायू आणि द्रव कसे शिकवावेत, यावर माझी मावशी आणि माझी धाकटी बहीण यांचं अजून पटलेलं नाही. मावशी पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवून निवृत्त झाली. धाकटी पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत बालवाडी चालवते. तिच्याकडे चार ते सहा वर्षांची मुलं येतात. दोघी मुलांवर जीव टाकणाऱ्या आणि दोघींना आपापलं काम नेमकं ठाऊक असलेलं. त्यामुळे हा वाद मला मोलाचा वाटतो.

निमित्त झालं एका वर्कशीटचं. कागदावर दोन रकाने, एक स्थायूंचा आणि एक द्रवांचा. खाली दगड, टेबल, पेन्सिल, दूध, पाणी, सरबत अशी चित्रं. प्रत्येक चित्र आपापल्या रकान्याशी रेघ मारून जोडायचं आणि मग रंगवायचं. शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला ‘सॉलिड-लिक्विड’ येतं, आमच्या मुलाला का येत नाही, असं विचारत एका आईने तो कागद बालवाडीत आणून दिला होता. धाकटीने तो मुलांना वाटला नाही.

मावशी : का नाही वाटलास? चुकीचं काय होतं त्यात?

धाकटी : चुकीचं काहीच नव्हतं, आणि चुकायला कुठे जागाही नव्हती. दगड आणि पाणी यांतला फरक मुलं रांगायला लागल्यापासून ओळखतात. जे त्यांना येतं तेच कागदावर परत मागायचं आणि खाली ‘छान’ असा शेरा द्यायचा. त्यात शिकणं कुठे झालं? शिवाय कागदावरचं पाणी ओलं नसतं गं.

मावशी : ओळखता येणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं. ज्या घरात आजी-आजोबा मुलाशी दिवसभर बोलतात, पुस्तकं वाचून दाखवतात, तिथे हे शब्द मुलाच्या कानावरून आपोआप जातात. तुझ्या वस्तीतल्या मुलाचे आई-वडील सकाळी आठला कामावर जातात. त्याला हे शब्द शाळाच देणार. तू ‘नंतर बघू’ म्हणत राहिलीस तर ते मूल सहावीत माझ्यासमोर येऊन बसतं, आणि सगळं कळत असूनही तोंड उघडत नाही, कारण त्याच्याकडे शब्द नसतो. अशी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यांना नापास करताना माझा जीव तुटायचा.

इथे थांबून सांगायला हवं की मुलांना मोकळं खेळू द्या, असं म्हणणारे बरेच लोक मावशीच्या या मुद्द्याला उत्तर देत नाहीत. ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्याला शब्द उशिरा मिळाला तरी त्याचं फारसं अडत नाही. बाकीच्यांचं अडतं. धाकटीलाही हे माहीत आहे. तिने वाद घालायच्या ऐवजी वर्गात घडलेलं सांगायला सुरुवात केली.

धाकटी : कागदाच्या ऐवजी मी जमिनीवर दोन ताटं मांडली. एका वाटीत रवा, दुसऱ्या वाटीत पाणी. हळूहळू ओता, एवढंच सांगितलं. पाणी ताटाच्या कडेपर्यंत पसरलं. रव्याचा मधोमध ढीग झाला. एका मुलीने ढिगावर आणखी रवा ओतला. थोडा बाजूने घसरला आणि ढीग पुन्हा तसाच उभा. मग तिच्या मनात आलं की पाण्याचाही ढीग करावा. दोन्ही तळव्यांनी ती पाणी मधे लोटत राहिली. हात काढले की पाणी परत पसरायचं. तिने पुन्हा लोटलं, पुन्हा तेच. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ताई, पाणी झोपतं, रवा बसतो.’

मावशी : वा! हे वाक्य लिहून ठेव. आणि मग तू तिला काय सांगितलंस?

धाकटी : काही नाही. हसले आणि तिला आणखी रवा दिला.

मावशी : इथे तू संधी घालवलीस. तिने दोन वस्तूंमधला फरक स्वतः शोधला आणि त्याला स्वतःचे शब्दही दिले. त्याच क्षणी म्हणायचं होतं, ‘बरोबर, जे असं झोपतं त्याला द्रव म्हणतात.’ एका वाक्याचं काम. तिला तो शब्द जन्मभर पुरला असता. तू गप्प राहिलीस आणि तिला वाटलं, ताईंना गंमत वाटली.

मला मावशीचं म्हणणं पटतं. संज्ञा लवकर द्यावी की उशिरा, एवढ्यावर हा वाद अडकतो तेव्हा मधली ही वेळ कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलाने फरक हाताने तपासला आहे, त्याच्यापुरतं नावही दिलं आहे आणि आता ते मोठ्या माणसाकडे बघतं आहे. तेव्हा दिलेला शब्द रुजतो. ताटं मांडायच्या आधीच दिला असता तर नुसता पाठ झाला असता. धाकटी मात्र सहजासहजी मान्य करणारी नाही.

धाकटी : ठीक आहे, म्हणते मी ‘द्रव’. मग तुझी व्याख्या काय? जो भांड्याचा आकार घेतो तो द्रव. मग रवा डब्यात ओतला की डब्याचा आकार घेतो, वाटीत ओतला की वाटीचा. साखर, तांदूळ, मीठ, वाळू सगळं तसंच. माझ्या वर्गात अर्धी मुलं रव्याला पाण्याच्या बाजूला बसवतात, कारण तो ओतता येतो. तुझ्या व्याख्येने ती बरोबरच आहेत!

मावशी : व्याख्या अर्धी सांगितली की असं होतं. रव्याचा एक कण घे आणि भिंगाखाली धर. तो कण वाटीत ठेव, डब्यात ठेव, तळहातावर ठेव, त्याचा आकार बदलत नाही. आकार बदलतो तो कणांच्या गर्दीचा. प्रत्येक कण स्थायूच आहे. आणि तुझ्या मुलांना करता येईल अशी याहून सोपी खूण सांगते. काचेच्या दोन बरण्या घे. एकीत अर्धी बरणी रवा, दुसरीत अर्धी बरणी पाणी. दोन्ही हळूच थोड्या तिरक्या कर. पाण्याचा पृष्ठभाग जमिनीला समांतरच राहतो, बरणी कितीही कलली तरी. रव्याचा पृष्ठभाग बरणीबरोबर तिरका होतो. फार कलवलीस तर मग तो धसकतो आणि पुन्हा उताराने थांबतो. कुठल्याही भुकटीचा थांबण्याचा एक ठरलेला कोन असतो. पाणी उतारावर थांबतच नाही.

धाकटी : हे तू सहावीच्या वर्गात करून दाखवायचीस?

मावशी : वेळ उरला तर.

रव्याचा हा घोळ आपल्याकडच्याच मुलांचा नाही. इस्रायलमध्ये रूथ स्टॅव्ही यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना निरनिराळे पदार्थ देऊन त्यांची वर्गवारी करायला सांगितलं होतं. द्रव ओळखणं मुलांना तुलनेने सोपं गेलं, कारण पाण्याशी ताडून पाहता येतं. टणक वस्तूंनाही अडचण आली नाही. मुलं अडली ती मऊ, वाकणाऱ्या वस्तूंपाशी आणि भुकटीपाशी. स्थायू म्हणजे कडक, असं मुलांनी मनाशी धरलेलं असतं. मग कापूस, रुमाल, स्पंज आणि कणकेचा गोळा यांचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. आता ते वर्कशीट पुन्हा डोळ्यांसमोर आणा. त्यात दगड, टेबल आणि पेन्सिल. तिन्ही टणक. म्हणजे मुलाचा जो गैरसमज होता तोच कागदाने पक्का केला, आणि ‘छान’ असा शेराही दिला. दोन रकाने आखायला माझी हरकत नाही. पण त्यांत रवा आणि रुमाल नसतील तर तो कागद मुलापुढे ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मावशीचा पुढचा आक्षेप वयाचा होता.

मावशी : पण चार-पाच वर्षांच्या मुलाला यातलं किती झेपतं? पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा तो प्रयोग आम्ही बी.एड.ला शिकलो. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी. मुलासमोर एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त आहे? सहा-सात वर्षांच्या आतली बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. पाणी तेवढंच राहतं हेच ज्यांना पटत नाही, त्यांना तू पदार्थाच्या अवस्था शिकवायला निघालीस. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हा धडा नीट येतो तो सहावीच्या सामान्य विज्ञानात, ते उगाच नाही.

धाकटी : पियाजेनंतर लोक गप्प बसले नाहीत. एकच प्रश्न मोठ्या माणसाने दोनदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. मार्गारेट डोनाल्डसन आणि तिच्या सहकाऱ्याने सत्तरच्या दशकात स्कॉटलंडमध्ये ओळीत मांडलेल्या सोंगट्यांवर असाच प्रयोग केला. प्रयोग करणाऱ्याच्या ऐवजी एका खोडकर टेडीने ओळ विस्कटली, असं दाखवल्यावर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मला ‘किती’ शिकवायचंच नाहीये. ‘कसं’ शिकवायचंय. कसं पसरतं, कसं थांबतं, कसं थिजतं. ते त्यांना येतं.

‘थिजतं’ म्हणताच बोलणं खोबरेल तेलावर गेलं. पुण्यात राहणाऱ्याला हा धडा विकत घ्यावा लागत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत इथल्या पहाटेचं तापमान बारा-तेरा अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातं, आणि एप्रिलची दुपार ३८-४० पर्यंत. म्हणजे एकच बाटली वर्षातून एकदा स्थायू आणि एकदा द्रव होते, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या डोक्याला लागणाऱ्या तेलाची. धाकटी थंडीत मुलांना बाटली उलटी धरायला लावते, मग उन्हाच्या कवडशात ठेवायला सांगते. कडेने पातळ व्हायला लागतं आणि मधे पांढरा गोळा उरतो, तेव्हा मुलं एकमेकांना ढकलून बाटलीपाशी जातात. हे ऐकून मावशीने लगेच ऑस्ट्रेलियातल्या डांबराची गोष्ट सांगितली. क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात डांबरासारखं पिच ओतून ठेवलं. हातोडी मारली तर ते काचेसारखं फुटतं. १९३० मध्ये नरसाळ्याची नळी खालून मोकळी केली, आणि २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. दिसायला दगड, वागायला द्रव. मावशीला ही गोष्ट फार प्रिय आहे. ती तिचा उपयोग धाकटीच्या विरुद्ध करते.

मावशी : म्हणून म्हणते, नुसत्या बघण्यावर विसंबून चालत नाही. तुझ्या मुलांनी त्या पिचला हात लावला असता तर काय म्हणाली असती? स्थायू. डोळे फसवतात. जाणत्याने सांगावं लागतं. लांब कशाला, तुझंच उदाहरण देते. ऑगस्टमध्ये तू मुलांकडून शाडूचे गणपती करून घेतेस ना?

धाकटी : दर वर्षी.

मावशी : कोरडी शाडूची भुकटी, तिच्यात पाणी, मळून गोळा, मूर्ती, आणि दोन-चार दिवसांत कडक. आता बाजारातली प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घे. तीही पांढरी भुकटी, तिच्यातही पाणी, साच्यात ओतायची, अर्ध्या तासात कडक. मूल बघतं काय? दोन्ही वेळा ओलं होतं ते वाळलं आणि घट्ट झालं. पण दोन्ही गोष्टी उलट आहेत! शाडू घट्ट होते कारण तिच्यातलं पाणी उडून जातं. प्लास्टर घट्ट होतं कारण ते पाणी आत धरून ठेवतं. जिप्सम भाजून त्यातलं बरंच पाणी काढलं की प्लास्टर होतं, आणि पाणी परत मिळालं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं. ते वाळत नाही, जमतं. हे कुठलं पाच वर्षांचं मूल नुसतं बघून सांगेल?

हा मावशीचा सगळ्यात बळकट मुद्दा होता. मला वाटलं धाकटी आता निरुत्तर होणार. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने मागच्या वर्षीच्या दोन बादल्यांची हकिगत सांगितली.

धाकटी : बघून नाही सांगता येत, कबूल. बुडवून सांगता येतं. विसर्जनानंतर एका मुलाच्या घरची प्लास्टरची लहान मूर्ती आम्ही एका बादलीत ठेवली, आमची शाडूची दुसऱ्या बादलीत. शाडूच्या मूर्तीतून आधी बुडबुडे आले, आत शिरलेलं पाणी हवेला बाहेर काढत होतं. मग सोंडेची कड खचली, हात गळले. दुपारपर्यंत तळाला नुसता चिखल आणि वरचं पाणी गढूळ. दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी पुष्कळसं निवळलं. प्लास्टरची मूर्ती मात्र रंग थोडा सुटला एवढंच, बाकी जशीच्या तशी. मुलं विचारायला लागली, ‘हा बाप्पा का नाही गेला?’ मावशी, तुझा तो उलटसुलट प्रकार त्यांना असा भेटला. उत्तर नाही भेटलं, पण प्रश्न अगदी नेमका भेटला.

मावशी : आणि उत्तर?

धाकटी : उत्तर मी सांगितलं. या मूर्तीने पाणी गिळून आत बंद केलंय, म्हणून बाहेरचं पाणी तिला काही करू शकत नाही. झोपणाऱ्या पाण्याच्या वेळी गप्प राहिले, या वेळी नाही राहिले.

मावशी : आणि शाडू ‘विरघळली’ असं म्हणू दिलंस का?

धाकटी : मुलं म्हणाली. मी गाळ दाखवला. बाजूला पेल्यात साखर घातली होती, ती दुसऱ्या दिवशी तळाला दिसली नाही, पण पाणी गोड लागलं. शाडू तळाला परत दिसली. त्यांनीच ठरवलं की दोन्ही वेगळं आहे. त्यातलं काय विरघळलं आणि काय नुसतं सुटं झालं, ते मी सांगितलं.

या दोन बादल्यांच्या प्रयोगाला पुण्यात एक पुढची पायरीही आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत तयार केली आणि पुणे महापालिकेने गणेशोत्सवात ही पावडर नागरिकांना मोफत वाटली. पाण्यात ती घालून मूर्ती बुडवली की फेस येतो, अमोनियाचा उग्र वास येतो, आणि मूर्तीच्या आकाराप्रमाणे साधारण दोन दिवसांत तिचा चुरा होतो. खाली कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचा पदार्थ उरतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून झाडांना घालता येतं. वासामुळे हे बालवाडीच्या खोलीत करू नये, मोठ्यांनी अंगणात करावं. पण एका सणात, एकाच शहरात, मातीचं सुटं होणं, साखरेचं विरघळणं आणि प्लास्टरचं पदार्थच बदलून जाणं या तिन्ही गोष्टी मुलाच्या नजरेसमोर येऊ शकतात. मला तरी याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

आपल्याकडे याची परंपराही आहे. टेल्कोत अभियंते असताना अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथे काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीपासून खेळणी करू लागले, आणि पुढे २००३ पासून दहाहून अधिक वर्षं पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हजारो मुलांना टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया आणि माती वर्गात आणली होती. धाकटी या दोघांचीही नावं घेते. मावशीला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण तिची शंका शेवटपर्यंत राहिली, आणि ती खरी आहे.

मावशी : ताराबाई एक, अरविंद गुप्ता एक. तू एक. बाकीच्या हजारो बालवाड्यांत कोण आहे? पस्तीस मुलं, एक खोली, एक ताई आणि असली तर एक मदतनीस. पाणी सांडलं तर पुसायचं कुणी? वस्तीत पाणी दिवसातून किती वेळ येतं? आणि त्या ताईलाच रवा स्थायू की द्रव ते माहीत नसेल तर? तिच्या हातात निदान तो कागद तरी आहे. कागद काढून घेतलास तर तिच्याकडे काय उरलं?

धाकटी : पाणी मुलं पुसतात. फडकं पाणी पितं, पिळलं की परत देतं, त्यांना त्यातच जास्त मजा येते. पेलाभर पाण्यात होतं सगळं, हंडे नाही लागत. आणि ते पाणी झाडांना जातं.

मावशी : पाण्याचं पटलं. ताईचं काय?

धाकटी : ताईला आधी रवा द्यायचा.

मावशी : म्हणजे?

धाकटी : आमच्याकडे बालवाडीताईंची महिन्याला एक बैठक होते. दर वेळी कुणीतरी येऊन तक्ते लावतं, भाषण करतं आणि आम्ही वहीत उतरवून घेतो. तू ये या वेळी. प्रत्येकीपुढे दोन ताटल्या ठेव, रवा आणि पाणी. तुझ्या त्या दोन बरण्या आण, भिंग आण. आणि त्यांना विचार, रवा कोणता? त्यांना भांडू दे आपसात.

मावशी : आणि तुझ्यासारखं उत्तर न देताच चहाला सोडायचं?

धाकटी : उत्तर दे ना. पण चहानंतर.

मावशीने त्यावर होकार दिला नाही. बैठक कधी आहे, किती जणी असतात आणि तिथे काचेच्या बरण्या मिळतील की घरून न्याव्या लागतील, एवढं मात्र तिने विचारून घेतलं.